ठासणीच्या पिस्तुलांवरचे खोटे ठसे: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

जुन्या बाजारात, ऑनलाइन जाहिरातींत आणि ओळखीपाळखीतून ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, जुनी पिस्तुले विकली जातात. गिऱ्हाईक पैसे मोजते ते लोखंडाचे नव्हे, त्यावरच्या ठशाचे. ईस्ट इंडिया कंपनीचा सिंह किंवा इंग्लंडच्या राजाचा मुकुट आणि आद्याक्षरे दिसली, की किंमत कितीतरी पटींनी चढते. म्हणूनच हे ठसे खोटे मारले जातात. ही फसवणूक थांबवण्याचे एक साधन आपल्याच खात्याच्या ताब्यात आहे, म्हणून आपल्याला लिहितो आहे.

मी जुन्या शस्त्रांचा अभ्यासक आहे. लोक घरातली किंवा नुकतीच विकत घेतलेली हत्यारे दाखवायला आणतात. अलीकडे एका निवृत्त शिक्षकांनी एक पिस्तूल आणले. असईच्या लढाईतले म्हणून त्यांना ते विकले होते. खटक्याच्या पट्टीवर, म्हणजे दारू पेटवणारी यंत्रणा जिच्यावर बसवलेली असते त्या लोखंडी पत्र्यावर, पुढच्या पायांत मुकुट धरून उभा राहिलेला सिंह होता आणि खाली १८०३ हे साल. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ची, तेव्हा साल जुळत होते. जुळत नव्हता तो सिंह. कंपनीच्या हत्यारांवर हा सिंह सुमारे १८०८पासून येऊ लागला. त्याआधी असे ते बदामाच्या आकाराचे चिन्ह, आत फुलीने पाडलेले चार कप्पे, कप्प्यांत व्ही, ई, आय, सी ही अक्षरे आणि डोक्यावर इंग्रजी चारच्या आकड्यासारखी खूण. कंपनीच्या मालाच्या गठ्ठ्यांवरही हेच चिन्ह असे.

मग भिंग लावून पाहिले. पट्टीवर गंजाने खड्डे पडले होते, पण सिंहाच्या शेपटीची रेघ त्या खड्ड्यांच्या तळातूनही तशीच ठसठशीत गेली होती. म्हणजे गंज आधीचा आणि ठसा नंतरचा. खरा ठसा लोखंडाबरोबर म्हातारा होतो. रंजकाच्या, म्हणजे पेटवणीच्या बारीक दारूच्या, काजळीने ती दारू ठेवायच्या रंजकदाणीजवळ तो खाल्ला जातो, हात लागतो त्या बाजूला गुळगुळीत होतो, कुठे अर्धा उरतो. शिवाय त्या काळचे कारागीर पट्टी मऊ असतानाच तिच्यावर कोरीवकाम करत, ठसे मारत आणि मग तिला पाणी देऊन कडक करत. कडक झालेल्या जुन्या पट्टीवर आज ठसा मारला, तर तो एका बाजूला उथळ बसतो आणि कडेला लोखंड ताजे उचललेले दिसते. त्या पट्टीवर नेमके हेच होते.

त्या शिक्षकांचा चेहरा उतरला. त्यांनी ते पिस्तूल हौसेपोटी घेतले नव्हते, गावातल्या शाळेला इतिहासाच्या तासासाठी द्यायला घेतले होते.

असे कितीतरी दाखले देता येतील. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे नळी-परीक्षागृह, म्हणजे बंदुकांच्या नळ्या तपासून त्यांवर मुद्रा मारणारी संस्था, १८१३मध्ये स्थापन झाले. मग १७९६ साल कोरलेल्या पिस्तुलाच्या नळीवर त्या परीक्षागृहाची मुद्रा असेल, तर नळी नंतर बदलली, पुन्हा तपासून घेतली की सगळेच बनावट, हे विचारायलाच हवे. व्हिक्टोरिया राणी १८३७मध्ये गादीवर आली, त्यामुळे तिची आद्याक्षरे त्याआधीच्या सालाशेजारी बसू शकत नाहीत. टोपीवर, म्हणजे घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या दारूच्या इवल्याशा तांब्याच्या टोपीवर, चालणारे पिस्तूल शिवकालीन म्हणून विकतात, तेव्हा तर मन विषण्ण होते. शिवाजी महाराजांचे निधन १६८०चे. आघाताने पेटणाऱ्या दारूचे फोर्सिथ यांचे पेटंट १८०७चे, आणि तांब्याच्या टोप्या त्यानंतरच्या. महाराजांचे नाव घेऊन असला माल विकला जातो आणि ठामपणे नाही म्हणणारे कुणी जवळ नसते.

ओतीव प्रतिकृतींची गोष्ट वेगळी. त्यांच्यावरची अक्षरे कडांना गोलावलेली असतात. पट्टी उलटली तर आत बारीक बुडबुड्यांचे डाग दिसतात, आणि जोडणीसाठी कारागीर सुट्या भागांवर करत त्या खाचा नसतात. एकाच साच्यातून निघालेल्या पिस्तुलांत सिंहाच्या पंज्याचा तोच तुटका भाग पुन्हा पुन्हा भेटतो. प्रतिकृती बनवण्यात गैर काही नाही. आपल्या देशात त्या उघडपणे बनतात आणि परदेशात जुन्या लढायांचे प्रयोग करणारे लोक त्या घेतात. मधला कुणीतरी त्यावर साल कोरतो, आम्ल लावून गंज चढवतो आणि एखाद्या वाड्याचे नाव जोडतो, ती लबाडी आहे.

मला सर्वांत जास्त त्रास होतो तो मात्र तिसऱ्या प्रकाराचा. आपल्याकडच्या कारागिरांनी घडवलेली अस्सल देशी पिस्तुले असतात. त्यांच्यावर ठसा नसतो, फार तर दस्त्यावर पितळी फुले असतात. ठसा नाही म्हणून भाव येत नाही, आणि भाव यावा म्हणून त्यांच्यावर कंपनी सरकारचा खोटा सिंह मारतात. एका अनाम मराठी किंवा दख्खनी कारागिराचे काम कायमचे विद्रूप होते. तो ठसा घासून काढता येत नाही, घासला तर उरलेलाही पुरावा जातो.

कायद्याची बाजूही अवघड आहे. १९७२चा पुरावशेष कायदा खऱ्या पुरावस्तूंसाठी आहे. काल बनवलेले पिस्तूल त्यात बसतच नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यातल्या कलम ४५ची सूट जुनाट बनावटीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या आणि दुरुस्त करूनही गोळी झाडू न शकणाऱ्या हत्यारांना आहे. खोट्या सालावर विश्वासून कुणी झाडता येण्याजोगी नवी प्रतिकृती घरात ठेवली, तर पैसे जातातच, वर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा ठपका येऊ शकतो. फसवणुकीची तक्रार करावी तर ठसा खोटा आहे हे ठाण्यात कोण सांगणार?

इथे आपले खाते मदत करू शकते. राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या संग्रहालयांत खरी हत्यारे आहेत, आणि ती कुठून आली याच्या नोंदी दप्तरी आहेत. पण कपाटाच्या काचेतून ठसा दिसत नाही आणि पाटीवर फक्त ‘पिस्तूल, १९वे शतक’ एवढेच असते. या हत्यारांच्या पट्ट्या, नळीच्या बुडाकडचे ठसे आणि शक्य तिथे पट्टीची आतली बाजू यांची जवळून, मोजपट्टी ठेवून छायाचित्रे काढावीत आणि ती मराठी माहितीसह सर्वांना विनामूल्य पाहता येतील अशी ठेवावीत. तुलनेला खरा ठसा समोर असला, की खोटा ओळखणे पोलिसालाही जमेल आणि गिऱ्हाइकालाही. माझ्या मते बाकी सगळ्या उपायांच्या आधी हे व्हायला हवे.

दुसरी मागणी केंद्राकडे शिफारस करण्याची आहे. अमेरिकेत १९७३च्या कायद्याने नकली नाण्यांवर ‘नक्कल’ असा न पुसणारा शिक्का सक्तीचा केला. आपल्याकडे ठासणीच्या शस्त्रांच्या प्रतिकृतींवर नळीलाच ‘प्रतिकृती’, बनवणाऱ्याचे नाव आणि साल खोल कोरणे बंधनकारक व्हावे. प्रामाणिक कारागिरांचे यात काहीच नुकसान नाही.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपूरला असता. तिथले मध्यवर्ती संग्रहालय, लोकांचा अजब बंगला, १८६३पासूनचे आहे आणि तिथे शस्त्रांचे दालन आहे. सुरुवात तिथूनच करावी. एक छायाचित्रकार, एक अभिरक्षक आणि हत्यारे कपाटाबाहेर काढण्याची लेखी परवानगी एवढे पुरे. ठसे वाचायला आणि नोंदी लिहायला माझ्यासारखे अभ्यासक विनामानधन येतील. परवानगीचा आदेश तेवढा आपण काढावा.

कळावे,
आपला नम्र,
जुन्या शस्त्रांचा एक अभ्यासक, पुणे