महिला आरक्षण सलग दोन मुदती एकाच जागी राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रभागांच्या किंवा सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली की दुसऱ्या दिवशी आपल्या जिल्हा पानावर मथळा ठरलेला असतो : ‘दिग्गजांना धक्का’. कुणाचा प्रभाग गेला, कोण आता पत्नीला उभी करणार, कोण शेजारच्या प्रभागात जागा शोधतोय, याचा तपशील चार कॉलमभर. त्या चिठ्ठीमुळे जिला पहिल्यांदाच उभे राहायची वाट मोकळी झाली, त्या बाईबद्दल एक ओळही नसते. मी सारी नोकरी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवण्यात काढली. या बातम्या वाचून मला राग येतो, म्हणून हे पत्र.

सत्ता नेमकी कुणाकडे आहे हे ओळखायचे कसे, हा आमच्या विषयातला जुना वाद. रॉबर्ट डाल यांनी अमेरिकेतल्या न्यू हेवन शहराचा अभ्यास करून १९६१ मध्ये मांडले, की प्रत्यक्ष निर्णय होताना शेवटी कुणाचे म्हणणे टिकते ते पाहा. पुढच्याच वर्षी बॅकरॅक आणि बॅराट्झ या दोघांनी त्यांना उत्तर दिले : एखादा विषय सभेपुढे येऊच न देणे, हीसुद्धा सत्ताच, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

हे फळ्यावर लिहून मुलांच्या गळी उतरत नाही. म्हणून मी त्यांना आपापल्या गावच्या ग्रामपंचायतीचे प्रोसिडिंग बुक वाचायला पाठवत असे. पानेच्या पाने ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. सूचक आणि अनुमोदक म्हणून फिरूनफिरून दोन-तीन भावक्यांचीच आडनावे. विषय म्हणजे अंतर्गत रस्ता, गटार, स्वागत कमान, पथदिवे, आणि आयत्या वेळच्या विषयांत कुणाचा तरी सत्कार. मग मी विचारायची, तुमच्या आईला, चुलतीला गावातली कुठली गोष्ट सगळ्यात जाचते? उन्हाळ्यात दिवसाआड येणारे पाणी, शाळेतले कुलूपबंद स्वच्छतागृह, एसटी थांब्याजवळचे देशी दारूचे दुकान, अशी उत्तरे यायची. आता हे विषय वर्षभराच्या इतिवृत्तात शोधून दाखवा, असे सांगितले की मुले गप्प होत. बहुतेकांना एकही सापडत नसे. बॅकरॅक आणि बॅराट्झ काय म्हणतात, ते त्यांना त्या वहीत कळायचे.

सोडतीचे महत्त्व मला वाटते ते इथे. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि पंचायतींत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. यातून एक गोष्ट घडली, जिची अभ्यासक जगभर वाट पाहत असतात. एरवी बाई निवडून आल्यामुळे गाव बदलले, की मुळात बदललेल्या गावानेच बाईला निवडून दिले, हे सांगता येत नाही. पण कुठली जागा राखीव हे चिठ्ठीने किंवा यादीतल्या क्रमाने ठरते, तेव्हा राखीव आणि खुल्या गावांत आधीपासूनचा असा काही फरक नसतो. नंतर जो फरक दिसतो, तो आरक्षणाचा धरता येतो.

पश्चिम बंगालमधल्या बीरभूम आणि राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यांत रघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी हेच केले. दोघेही राज्यशास्त्राचे नव्हेत, पण प्रश्न आमचाच आहे. त्यांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हीकडे बायकांची तक्रार पिण्याच्या पाण्याची जास्त होती, आणि जिथे प्रमुखपद स्त्रीसाठी राखीव होते तिथे पाण्यावर जास्त खर्च झाला. रस्त्यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. बीरभूममध्ये रस्ते बायकांनाही हवे होते, तिथे स्त्री प्रमुखांनी रस्ते जास्त केले. उदयपूरमध्ये रस्त्यांची मागणी प्रामुख्याने पुरुषांची होती, तिथे ते कमी झाले. म्हणजे ज्या गोष्टी प्रोसिडिंग बुकात येतच नव्हत्या, त्या खुर्चीवर बाई बसल्यावर तिथे आल्या.

दुसरा अभ्यास आपल्या मुंबईचा आहे आणि त्याची मराठी वर्तमानपत्रांत जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही. रिखिल भावनानी या राज्यशास्त्रज्ञाने मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुका शेजारी ठेवल्या. १९९७ मध्ये स्त्रियांसाठी राखीव असलेले आणि २००२ मध्ये खुले झालेले प्रभाग एका बाजूला, दोन्ही वेळा खुले असलेले दुसऱ्या बाजूला. आरक्षण उठल्यावरही पहिल्या गटातल्या प्रभागांत स्त्री निवडून येण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या सुमारे पाचपट होती. पाच वर्षे नगरसेविका राहिलेल्या काही जणी पुन्हा उभ्या राहिल्या, आणि बाई इथून निवडून येऊ शकते हे पक्षांनाही कळले. हा निष्कर्ष २००९ मध्ये छापून आला. त्यानंतर मुंबईत आणि राज्यभर किती सोडती झाल्या, पण उठलेल्या आरक्षणाचे पुढे काय होते, ही बातमी मी कधी वाचली नाही.

तिसरा अभ्यास पुन्हा पश्चिम बंगालचा, आणि माझी मागणी त्यावरच उभी आहे. सलग दोन निवडणुका जिथे प्रमुखपद स्त्रीसाठी राखीव राहिले, तिथे तिसऱ्या वेळी खुल्या जागांवर उभ्या राहणाऱ्या आणि जिंकणाऱ्या स्त्रियांची संख्या जवळजवळ दुप्पट होती. अशाच गावांत मुलामुलींबद्दल आईवडिलांच्या अपेक्षांतले अंतर २० टक्क्यांनी आणि खुद्द किशोरवयीन मुलामुलींच्या आकांक्षांतले ३२ टक्क्यांनी कमी झाले. शिक्षणातली तफावत तर मिटलीच. एका मुदतीत इतके होत नाही. पहिली बाई आली की गाव तिला पारखत असते. दुसरी मुदत आली की गावाला तिची सवय होते.

आपल्याकडे मात्र ही दुसरी मुदत बहुतेक जणींना मिळतच नाही. माझ्या ओळखीतल्या एका सरपंच बाईंना वित्त आयोगाच्या निधीतून काय करता येते आणि काय नाही, हे समजायला दोन वर्षे गेली. पुढे त्या गावचा विकास आराखडा स्वतः वाचू लागल्या, ठेकेदाराचे बिल आले की मोजमाप पुस्तिका मागू लागल्या. नळाच्या कामात खोदाई कागदावर तीन फूट आणि जागेवर दीड, हे त्यांनी टेप लावून दाखवले, ते बिल अडवले आणि काम पुन्हा करून घेतले. मुदत संपली, पद खुले झाले. ‘ताई, तुमची पाळी झाली, आता आम्हाला बघू द्या,’ असे त्यांना त्यांच्याच पॅनेलने सांगितले. त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्यांनी पाच वर्षांत कमावलेले ज्ञान त्या गावाच्या आता काहीच कामाचे नाही.

सरपंचपतींचे काय, असे कुणी विचारील. प्रश्न खरा आहे. सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, हे मीही पाहिले आहे. आरक्षणाने सगळीकडे सारखा फरक पडतो असेही नाही. रादू बान आणि विजयेंद्र राव या अभ्यासकांना दक्षिणेतल्या चार राज्यांत स्त्री आणि पुरुष प्रमुखांच्या कामात फारसा फरक आढळला नाही. पण जिथे वरच्या जातींची जमिनीवरची पकड सैल होती आणि पंचायत व्यवस्था जुनी, मुरलेली होती, तिथे स्त्रियांचे काम उजवे ठरले. आपल्या गावांतल्या भावक्यांना हे लागू पडते असे मला वाटते. खुर्ची पाच वर्षांतच परत येणार याची ज्यांना खात्री असते, ते तोवर कुणाला तरी पुढे करून मागून कारभार करतात. दहा वर्षे तसे रेटणे अवघड आहे.

यासाठी घटना बदलायला नको. अनुच्छेद २४३-ड मध्ये राखीव जागा आळीपाळीने फिरवण्याची तरतूद आहे, पण त्या दर पाच वर्षांनीच फिरल्या पाहिजेत असे त्यात म्हटलेले नाही. तमिळनाडूने पंचायतींत हे चक्र दहा वर्षांवर नेले आहे. आणि लोकसभा-विधानसभांसाठी २०२३ मध्ये जी एकशेसहावी घटनादुरुस्ती झाली, तिच्यात स्त्रियांच्या राखीव जागा प्रत्येक मतदारसंघ पुनर्रचनेनंतर फिरतील असे आहे, प्रत्येक निवडणुकीला नव्हे. खासदार, आमदार होणाऱ्या स्त्रियांना जम बसवायला वेळ लागतो हे संसदेला मान्य, मग सरपंच बाईला तो का नको? अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींच्या जागांचे चक्र वेगळ्या निकषांवर चालते, त्यात मी हात घालत नाही. माझे म्हणणे स्त्रियांच्या निम्म्या वाट्यापुरते आहे. उरलेल्या निम्म्या जागा पुरुषांना खुल्या राहतातच.

राज्य सरकारकडे ही मागणी मी लेखी केली आहे. आपल्याकडे विनंती वेगळी आहे. पुढच्या सोडतीच्या दिवशी ‘धक्क्या’ची बातमी द्यायची तर द्या, पण शेजारी एक तक्ता छापा : गेल्या वेळी स्त्रियांसाठी राखीव असलेले किती प्रभाग या वेळी खुले झाले, त्यातल्या किती माजी सदस्या पुन्हा उभ्या राहू इच्छितात आणि किती जणींना पक्षांनी उमेदवारी दिली. पहिला आकडा निवडणूक शाखेत तयार मिळतो. बाकीच्या दोन आकड्यांसाठी तालुक्याच्या वार्ताहराला त्या बायकांकडे जावे लागेल.

कळावे,
आपली नियमित वाचक,
निवृत्त राज्यशास्त्र शिक्षिका, ता. कराड, जि. सातारा