गार्डाचीच गाडी चुकली

प्रिय बंड्या,

गुडघा कसाय आता? वहिनी म्हणाल्या काठी सुटली पण जिना दिसला की अजून तोंड वाकडं करतोस. फोन करणार होतो, पण फोनवर तू पाच मिनिटांत "बरं चल ठेवतो" म्हणतोस आणि माझं सगळं पोटातच राहतं, म्हणून सरळ लिहायलाच बसलो. सावकाश वाच. वहिनींना दे वाचायला, पण आपल्या ग्रुपवर टाकू नकोस, का ते पुढं कळेल.

तर जाऊन आलो एकदाचे स्पेनला. आठवतं का, तू ड्रायव्हर, मी गार्ड, मनमाडच्या रनिंग रूमला रात्री दोन वाजता पिठलं-भात खाताना ठरवलेलं, रिटायर झालो की अशा गाडीत बसायचं जिचा सिग्नल आपल्याला बघायचा नाही. तू आणि वहिनी बरोबर असता तर काय मजा आली असती, पण तुझ्या ऑपरेशनची तारीख नेमकी तीच निघाली, आणि पोरानं आमची तिकिटं आधीच मोबाईलमध्ये भरून ठेवलेली. माद्रिद, तोलेदो, कोर्दोबा, सेविया (आपल्याकडं सेव्हिल लिहितात), ग्रानादा आणि परत माद्रिद. सगळं रेल्वेनं.

माद्रिदबद्दल फार लिहीत नाही, मोठं शहर आहे, म्युझियमं आहेत, पाय दुखले. तिथून तोलेदो अर्ध्या तासावर. स्टेशनच बघत बसावं असं, शंभर वर्षांपूर्वीचं, रंगीत काचा, नक्षीचं लाकूड, तिकीट खिडकीसुद्धा देवळातल्या मखरासारखी. गाव डोंगरावर आणि ताखो नदीचा तीन बाजूंनी वेढा. वर जायला सरकते जिने केलेत म्हणून बरं. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाडी आली तर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. मशीद, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), चर्च एकमेकांना खेटून, आणि एक सिनेगॉग तर बाहेरून कळतही नाही, आत गेलं की पांढऱ्याशुभ्र कमानी, मशिदीसारख्या, आणि नाव सांता मारिया, कारण नंतर त्याचं चर्च केलं. पण मला काय आवडलं सांगू? तिथल्या गाइड मुलीनं सांगितलं की बाराव्या-तेराव्या शतकात इथं बसून लोक अरबी पुस्तकांची भाषांतरं करायचे, आणि याच तोलेदोत जन्मलेल्या आल्फोन्सो नावाच्या राजपुत्रानं १२५१ साली 'कलीला आणि दिमना' नावाचं गोष्टींचं पुस्तक स्पॅनिशमध्ये करवून घेतलं. त्यात दोन कोल्हे, सिंहाच्या दरबारात. मी म्हटलं थांब बाई, हे तर आपले करटक-दमनक! पंचतंत्र की हे! आधी पहलवीत, म्हणजे जुन्या काळच्या फारसीत, मग अरबीत, मग इथं. तिला इतका आनंद झाला की बाकीच्या ग्रुपला सोडून ती माझ्याशीच बोलत राहिली आणि आमची ही लांबून बघत होती.

आता मुख्य गोष्ट. रविवारी सकाळी नऊच्या गाडीनं कोर्दोबाला निघायचं होतं. तुला माहितीच आहे, मी गजर लावत नाही, आणि मनगटावर तेच एचएमटी. सकाळी चहा घेताना ही म्हणाली, "अहो, माझ्या मोबाईलमध्ये आठ वाजलेत." मी घड्याळ बघितलं, सात. म्हटलं तुझा मोबाईल कुठल्या तरी भलत्याच देशाचा टाइम दाखवतोय, माझं घड्याळ छत्तीस वर्षात एक मिनिट पुढं-मागं गेलेलं नाही, आणि माझा फोन बॅगेत चार्जिंगच्या वायरीला गुंडाळून ठेवलेला, तो काढायचा कोण. आरामात आवरलं, टोस्टवर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल घालून देतात ते खाल्लं, रमतगमत माद्रिदच्या आतोचा स्टेशनला पोचलो, माझ्या हिशोबानं आठ दहा. बोर्डावर आमची गाडीच नाही. मला वाटलं रद्द झाली. खिडकीवरच्या पोरीनं आधी तिकिटाकडं बघितलं, मग माझ्या मनगटाकडं, आणि हसायलाच लागली. अरे, मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनला तिकडं सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढं करतात! दोननंतर थेट तीन! गाडी राइट टाइम सुटून दहा मिनिटं झालेली.

बंड्या, आयुष्यभर जर्नलमध्ये मिनिटं लिहिली, तू दोन मिनिटं उशिरा साइन ऑन केलंस तर तुला झापलं, आणि माझी गाडी चुकली. गार्डाची! (आता ट्रेन मॅनेजर म्हणतात म्हणे, मॅनेजरची चुकली म्हटलं तर कदाचित कमी लागेल.) पुढच्या गाडीची तिकिटं नव्यानं काढली, किती पैसे गेले ते लिहीत नाही, वहिनी वाचणार आहेत. जुन्या स्टेशनच्या लोखंडी छताखाली त्यांनी बागच केलीय, उंच उंच झाडं, केळीची पानं, दमट हवा, तिथं आम्ही दोघं बसलो. ही एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मग तिनं हात पुढं केला, मी घड्याळ काढून दिलं, ते तिनं पर्समध्ये टाकलं आणि चेन लावली.

कोर्दोबाची गाडी ताशी तीनशेनं जाते. १९९२ साली सुरू केलेली त्यांची पहिली हायस्पीड लाइन ती. एअरपोर्टसारखं बॅगांचं स्कॅनिंग, मग प्लॅटफॉर्म. खडखड नाही, धक्का नाही, खरं सांगू का, झोप येते. तुझ्यासारखा ड्रायव्हर तिथं कंटाळून जाईल.

उशीर झाल्यामुळे रविवारी कोर्दोबाची जुनी मशीद बघायची राहिली, सोमवारी सकाळी साडेआठला गेलो तर तेव्हा तासभर फुकट सोडतात हे कळलं. ही म्हणाली, "चला, तुमच्या घड्याळानं थोडे तरी वसूल करून दिले." आत गेल्यावर मात्र दोघंही गप्प. साडेआठशेच्या वर खांब, कुठला काळसर, कुठला गुलाबी, आणि सुरुवातीच्या भागातले बरेचसे जुन्या रोमन इमारतींचे उचलून आणलेले. ७८५च्या सुमाराला काम सुरू केलं तेव्हा खांब बुटके पडले, छत उंच हवं, मग काय केलं, कमानीवर दुसरी कमान चढवली, लाल-पांढरी. आपल्या वर्कशॉपमध्ये असायचं ना, आहे त्या सामानात बसवा, तसलं काम, आणि ते बघायला आता जग येतंय. आणि मग चालता चालता मधेच अंधार संपतो आणि भलंमोठं कॅथीड्रल उभं. सोळाव्या शतकात खांब काढून मधोमध बांधलंय. गावच्या कौन्सिलचा विरोध होता, तरी राजानं परवानगी दिली. सुंदर आहे, नाही म्हणत नाही, पण घरात पाहुणा येऊन स्वयंपाकघरात पलंग टाकून बसल्यासारखं वाटलं मला.

जेवणाचं ऐक. ही शाकाहारी, "सिन कार्ने", म्हणजे मटण नको, पाठ करून गेलेली. थंड टोमॅटोचं दाट सूप मागवलं, साल्मोरेखो, तर वर हॅमचे तुकडे पेरलेले! त्यांच्या लेखी हॅम मटणात मोडतच नाही, ते कोथिंबिरीसारखं. दुसऱ्या दिवसापासून "सिन हामोन" वेगळं म्हणायला शिकली. पण तिथंच वांग्याचे तळलेले काप आले, वरून काळी पातळ धार. बोट लावून चाटलं तर काकवी! उसाचीच. ऊस अरबांनी नेला तिकडं. तेव्हापासून ही दर जेवणाला वांगंच मागवत होती.

सेवियाला जलद गाडीनं पाऊण तास लागतो, मी मुद्दाम साधी निवडली, दुप्पट वेळ. हिनं विचारलं का, तर काय सांगणार? जलद गाडीची लाइन १४३५ मिलिमीटर गेजची, पण जुनी साधी लाइन १६६८ची. आपलं ब्रॉडगेज १६७६. म्हणजे फक्त आठ मिलिमीटरचा फरक! रुळावर गाडी चढली आणि पायाखाली तीच ओळखीची रुंदी, मी म्हटलं बघ, घरी आल्यासारखं वाटतंय. ही म्हणाली, "तुम्ही स्पेनला आलात की भुसावळला?" पण तिलाही आवडलं, डोंगरावर किल्ला, मग पाल्मा देल रिओच्या आसपास संत्र्याच्या बागाच बागा. संत्र्याला ते नारांखा म्हणतात, आपलं नारिंगच ते, फारसी-अरबीतून फिरत फिरत गेलेलं. सेवियाच्या रस्त्यांवर तीच झाडं, फळं कडू, कोणी खात नाही, पण आम्ही गेलो तेव्हा मोहोर होता आणि रात्री अख्ख्या गावाला वास. रात्री अकराला एका गल्लीत तीस-चाळीस माणसं डोक्याला फडकं गुंडाळून भलामोठा लाकडी सांगाडा मानेवर घेऊन सराव करत होती, ईस्टरच्या आठवड्यातल्या मिरवणुकीचा. मूर्ती अजून नाही, नुसतं वजन. आणि बरोबर पावलं मोजणारा एक ओरडणारा. मी अर्धा तास उभा होतो.

तुझ्या गुडघ्यासाठी एक बातमी: तिथल्या हिराल्दा मनोऱ्यावर जायला जिना नाही, उतार आहे, पस्तीस वळणांचा, बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून केलेला म्हणतात. अगदी शेवटी थोड्या पायऱ्या, त्या मी ढकलीन तुला.

ग्रानादाच्या आल्हाम्ब्रा किल्ल्याचं तिकीट वेळेचं असतं, आतल्या राजवाड्याच्या दारात दिलेल्या वेळेला हजर नाही झालात तर गेलं. पासपोर्टही बघतात. मी दीड तास आधी जाऊन बसलो, हिच्या मोबाईलवर वेळ बघत. भिंतींची जाळी-नक्षी, बारा सिंहांचं कारंजं, त्याचे फोटो तू बघितलेच असशील. मला पाणी आवडलं. दारो नदीचं पाणी लांबून पाटानं डोंगरावर आणलंय, आपल्या साक्री भागातल्या फडाच्या पाटासारखं, नुसत्या उतारावर, आणि अंगणात पातळ ओघळ करून फिरवलंय, त्याचा आवाजही येत नाही. १४९२च्या दोन जानेवारीला शेवटच्या सुलतानानं हे सगळं सोडून दिलं. समोर बर्फाचा डोंगर. ही पायरीवर बसली ती उठेचना, आणि मी पहिल्यांदाच चला म्हटलं नाही, म्हणायला हातात घड्याळच नव्हतं.

बाकी भेटल्यावर. वहिनींसाठी तोलेदोचं मार्झिपान आणलंय, बदामाचं, आपल्या बदामपाकाच्या जवळचं, पण मुंग्या लागायच्या आत ये. मनमाडपर्यंत ये, मी घ्यायला येतो. कुठल्या गाडीनं ते आधी कळव, वेळ हिलाच मेसेज कर, कारण घड्याळ अजून तिच्याच पर्समध्ये आहे. आणि ग्रुपवर एक अक्षर जरी दिसलं ना, तर इगतपुरीला तू सिग्नल बघता बघता काय केलं होतंस ते मी वहिनींना सांगीन.

तुझा,
नाना