मिस्त्री, इंजिन लगेच खोललं नाहीत त्याबद्दल

पुणे

आदरणीय मिस्त्री,
स. न. वि. वि.

नाव कुठं घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'मिस्त्री'. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. उजनीपासून पानशेतपर्यंत जुनी बोट किंवा जुनं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन, घेणारे बरेच आहेत आणि माल बिघडला की सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी पेंड खातं. दोष विकतानाच होता, की वापरात आला? डीलरची जबाबदारी या एका प्रश्नावर ठरते. तो कसा सोडवायचा हे तुम्ही दाखवलंत.

पहिले आभार तुम्ही जे केलं नाहीत त्याबद्दल. डीलरकडून घेतलेलं आमचं जुनं इंजिन तापून बंद पडतंय म्हटल्यावर कुणीही कारागीर हेडचे, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचे, बोल्ट सैल करायला बसला असता. तुम्ही पाना बाजूला ठेवलात. हेड एकदा उचललं की त्याखालची सांधा बंद करणारी पट्टी, गॅस्केट, आधी फुटलं होतं की काढताना फाटलं, हे कुणालाच सांगता येत नाही आणि डीलरचं उत्तर तयारच असतं: "बाहेर खोललंत ना, मग आता आमच्याकडे नको."

न खोलता किती कळतं, हे बघण्यासारखं होतं. आधी इंजिन नंबरच्या पट्टीचा फोटो, तो बिलावरच्या नंबराशी ताडून. मग तिन्ही प्लग काढून क्रमानं कागदावर मांडले, वरचा, मधला, खालचा, आणि तसाच फोटो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, बघताना इग्निशन तोडलेलं, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत फिरवणं. खालची दोन सिलिंडरं १२० पीएसआयच्या (हे दाबाचं माप) वर, वरचं ९०च्या आसपास. आकडा मोठा की लहान यापेक्षा सिलिंडरांमधली तफावत बघायची आणि ती दहा-पंधरा टक्क्यांच्या वर गेली की आत काहीतरी बिघडलंय, हे तुमचं सांगणं आता इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. थंड करणारं पाणी खालून चढतं, म्हणून वाट तुंबली की बहुधा वरचं सिलिंडर आधी भाजतं. त्यामुळे गॅस्केट गेलं असेल तर ते कशानं गेलं, हा खरा प्रश्न. त्यासाठी खोलावं लागणार होतं, आणि तुम्ही इथंच थांबलात. आकडे, तारीख, फोटो आणि सही, सगळं एका पानावर. "आता हे विकणाऱ्याला पाठवा. त्याला बोलवा. आला तर त्याच्यासमोर खोलू, नाही आला तर दोन साक्षीदारांसमोर."

डीलरनं माणूस पाठवला आणि थर्मोस्टॅटची, म्हणजे थंड करणारं पाणी सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपेची, झाकणी त्याच्यासमोर निघाली. आत पांढरा, पापुद्रे धरलेला थर. पांढरं दिसलं म्हणून तुम्ही लगेच 'मीठ' म्हणून मोकळे झाला नाहीत, हे विशेष. धरणाच्या जड पाण्यानंही क्षार बसतात. तुम्ही थर खरवडून त्याखालचं ॲल्युमिनियम दाखवलंत: मुगाच्या दाण्याएवढे खड्डे पडलेले, कडा पिठासारख्या झालेल्या. गोड्या पाण्यात एका हंगामात धातू असा खाल्ला जात नाही. याला खारं पाणी आणि वर्षं लागतात, तेही चालवून झाल्यावर इंजिन गोड्या पाण्यानं न धुता. ब्रॅकेटवरचा ॲनोड, म्हणजे इंजिनऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, मात्र कोरा करकरीत. जुन्या, खाल्लेल्या ब्रॅकेटवर नवा ॲनोड कुणी हौसेनं लावत नाही. जाहिरातीत शब्द होते 'फक्त तलावात चाललेलं'. त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि ती झाकणी शेजारी ठेवल्यावर डीलरचा माणूस बराच वेळ फोनवर बोलत उभा राहिला.

तुमचं दुसरं मोठेपण असं की डीलरच्या माथी सगळं मारू दिलं नाहीत. इम्पेलरच्या, म्हणजे पाणी खेचणाऱ्या पंपातल्या चक्राच्या, पात्या झिजल्या होत्या. तो रबराचा तुकडा आहे, गाळाच्या पाण्यात दर हंगामाला बघायचा आणि बदलायचा, त्याचे पैसे मागू नका म्हणालात. पंख्यामागे नायलॉनचा दोर गुंडाळला जाऊन शाफ्टचं पाणी अडवणारं सील कापलं गेलं होतं. उजनीत जाळी आहेत, जाळ्यांत पंखा जाणार, तो आपला खर्च. पण गिअर ऑइल दुधासारखं पांढरं झालेलं असेल तर सील कधी गेलं ते आधी तपासा, हेही सांगितलंत: इंजिन रात्रभर उभं ठेवायचं, सकाळी खालचा स्क्रू अलगद सैल करायचा. तेलाआधी पाणी टपकलं तर आत पाणी साचलेलं आहे. घेतानाच ही एक मिनिटाची परीक्षा केली तर पुढचे निम्मे वाद टळतात. पेट्रोलच्या नळीतला बल्ब चालताना चपटा होत असेल तर टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा आहे का ते बघायचं. यातही डीलरचा काही संबंध नाही.

कायद्याच्या बाजूनं तुम्ही ज्या ताईंकडे पाठवलंत त्यांचेही आभार. त्यांनी सांगितलेलं इतरांच्या उपयोगाचं आहे. १९३०च्या मालविक्री कायद्यानुसार, त्याच मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावर विसंबून घेतलेला माल विकण्याजोग्या दर्जाचा असला पाहिजे. पण घेणाऱ्यानं माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायलाच हवा होता असा दोष नंतर उगाळता येत नाही. फुटका पंखा आज दिसतो. थर्मोस्टॅटमागचे खड्डे दिसत नाहीत. आणि हे बंधन त्या मालाचा धंदा करणाऱ्यावर असल्यानं पावती कुणाच्या नावाची, याला महत्त्व. 'मी फक्त मधला, मालक वेगळा' हे वाक्य ऐकलं की पैसे देण्याआधी डीलरच्या नावाचं बिल मागायचं. बिल न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा. त्यासाठी बिलावर लिहिलेली मुदत धरतात आणि ती लिहिलेली नसेल तर तीस दिवस. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम १९७४ साली याच पुण्यातून सुरू केलं आणि याच पुण्यात अजून कोऱ्या चिठ्ठीवर बोटी विकल्या जातात, हे काही भूषण नाही.

आमच्यातल्या अनेकांना वाटायचं की पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवून पैसे घेतो, म्हणजे आपण धंदेवाईक, आपल्याला ग्राहक आयोग नाही. तसं नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठीच माल घेतला असेल तर तो माणूस कायद्यानं ग्राहकच. पाच नावा घेऊन चालक ठेवणाऱ्याला मात्र हे म्हणणं जड जाईल. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि मुदत दोन वर्षांची. मुदत मोठी दिसते, पण वाट बघत बसू नये. इंजिन महिनाभर चालवत राहिलात की पुरावा तुम्हीच झिजवताय. 'आहे त्या स्थितीत' असं बिलावर छापलेलं असलं म्हणून खोटं वर्णन पचत नाही, पण भांडण अवघड होतं. ती ओळ खोडून त्याजागी 'इंजिन गोड्या पाण्यात चाललेले, कॉम्प्रेशन अमुक' असं डीलरकडून लिहून घेता आलं तर उत्तम.

पत्राचा मसुदा तुम्ही दोघांनी मिळून करून दिलात. बिल क्रमांक, इंजिन नंबर, खरेदीची तारीख, दोष, कॉम्प्रेशनचे आकडे, फोटोंची यादी, नेमकं काय हवं ते, आणि उत्तराला पंधरा दिवस. स्पीड पोस्टनं, पोचपावतीसह. शिवीगाळ नाही, व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप नाहीत. '१९१५ला, ग्राहक हेल्पलाइनला, फोन करायची वेळ आणू नका' एवढं वाक्यही तुम्ही गाळायला लावलंत. धमकी नंतर देता येते म्हणालात, आधी उत्तर येऊ द्या. आलं. हेडचं काम, गॅस्केट, रिंगा आणि मजुरी डीलरनं उचलली. इम्पेलर आणि सील आमच्याकडे.

ट्रान्समचं, म्हणजे इंजिन अडकवायच्या मागच्या फळीचं, तेवढं राहिलं होतं, तेही तुम्ही डोक्यात घातलंत: इंजिनचा खालचा भाग धरून वर-खाली रेटायचा आणि मागची फळी लवते का ते बघायचं. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं फायबरवर ठोकत जायचं. आवाज टणक आला तर ठीक, बद्द आला तर आतलं प्लायवूड कुजलंय. नुसत्या मागच्या फळीला ताजा रंग असेल तर दुप्पट वेळ ठोकायचं.

एक तक्रार मात्र आहे. लेखी अहवालाचे तुम्ही पैसे घेतले नाहीत. दुरुस्तीइतकंच ते काम आहे, किंबहुना या प्रकरणात जास्त. फ्लेमिंगो यायच्या आत इथले आणखी काही जण जुनी इंजिनं घेणार आहेत आणि घेण्याआधी तुमच्याकडे तपासायला आणणार आहेत. तपासणीचा आणि लेखी पानाचा दर ठरवून भिंतीवर लावा. आम्ही तो देऊ.

आपले,
उजनीच्या पाण्यावरचे नावाडी