दिव्यांग बालकांच्या पालकांना अपिलाची माहिती द्या

महोदय,

माझ्या चार वर्षांच्या नातवाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर परिणाम करणारा विकार) आहे. भिंतीचा आधार घेत तो पावले टाकतो खरा, पण डाव्या हातात त्याला पाण्याचा पेलाही धरता येत नाही. तरीही तपासणीत केवळ त्याचे चालणे पाहून प्रमाणपत्रावर 35 टक्के दिव्यांगत्व नोंदवले गेले आणि 40 टक्क्यांच्या अटीमुळे संजय गांधी निराधार अनुदान योजनेची वाट बंद झाली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 59 नुसार अशा निर्णयाविरुद्ध राज्य शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते, हे प्रमाणपत्राच्या खिडकीवर कोणीही सांगितले नाही. 'पुन्हा अर्ज करा' हे ठरलेले उत्तर मात्र मिळाले. जत, आटपाडीहून लेकराला कडेवर घेऊन एसटीने येणाऱ्या आईबापांनी हे कलम शोधायचे तरी कुठे?

अपील कोणाकडे, किती मुदतीत आणि कोणती कागदपत्रे जोडून करावे, याची छापील माहिती प्रमाणपत्रासोबतच द्यावी, तसेच बालकांच्या फेरतपासणीत फिजिओथेरपिस्टचे आधीचे अहवालही विचारात घ्यावेत, अशी जिल्हा प्रशासनास विनंती आहे.

– एक आजोबा, तासगाव (जि. सांगली)