ऐनवेळी सुचणं ही काय फक्त आपलीच मक्तेदारी नाही

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत ओपन एअर म्युझिक फेस्टिवलवर लेख आलाय तो वाचला. गर्दी, पार्किंग, पाण्याच्या बाटलीचे भाव, सगळं पटलं, पण मधेच लेखकांनी ठोकून दिलंय की हे बँडवाले सगळं पाठ करून येतात आणि ऐनवेळी सुचेल ते वाजवणं फक्त आपल्या बैठकीतच असतं. इथे मात्र राहवलं नाही. मी स्वतः सवाईला जाणारा माणूस आहे, त्यामुळे फॉरेनच्या कौतुकापोटी हे लिहीत नाहीये. पण जॅम बँड नावाचा अख्खा प्रकार अमेरिकेत गेली साठेक वर्षं चालू आहे आणि त्यांचा सगळा डोलारा ऐनवेळी सुचण्यावरच उभा आहे, एक ओळ तरी त्यावर यायला हवी होती की नाही?

ग्रेटफुल डेड या बँडचंच घ्या. २७ ऑगस्ट १९७२, ओरेगन राज्यातलं व्हेनेटा गाव, यूजीन शहराजवळ, मोकळं मैदान. आणि कार्यक्रम कशासाठी, तर एक डेअरी वाचवायला! स्प्रिंगफील्ड क्रीमरी म्हणून छोटी डेअरी होती, लेखक केन केसींचे भाऊ चक केसी ती चालवायचे, तिथे हिशेब बघणाऱ्या नॅन्सी नावाच्या बाईंच्या नावाने दही निघायचं. पैशाची ओढाताण झाली तेव्हा केसी मंडळींनी जुन्या ओळखीतल्या या बँडला गळ घातली आणि ते आले. तिकीट आगाऊ काढलं तर तीन डॉलर, आणि छापलं कशावर तर दह्याच्या लेबलावर. आमच्याकडे कोल्हापुरात दूध संघासाठी लोक काय काय करतात ते सगळ्या महाराष्ट्राला माहितीय, पण संघ वाचवायला कुणी दिवसभर गाणं ठेवल्याचं काही ऐकिवात नाही बुवा. (ती डेअरी अजून चालू आहे आणि दहीही त्याच नावाने विकलं जातं.)

तर त्या दिवशी पारा शंभर फॅरनहाइटच्या वर, म्हणजे आपले ३८ तरी धरा, आणि स्टेज असं बांधलेलं की दुपार कलल्यावर ऊन थेट वाजवणाऱ्यांच्या तोंडावर. तारा सारख्या उतरायच्या, दोन गाण्यांच्या मधे ट्यूनिंग, त्यातच हरवलेल्या पोरांच्या आणि पाण्याच्या अनाउन्समेंट, अगदी आपल्या जत्रेतल्यासारख्या. पब्लिकमधल्या बऱ्याच जणांनी तर कपडे सांभाळायची भानगडच ठेवली नव्हती. या सगळ्याचं शूटिंग झालं होतं, ते अधिकृतपणे बाहेर यायला मात्र २०१३ उजाडलं.

आता मुद्द्याचं. डार्क स्टार नावाचं त्यांचं एक गाणं आहे, १९६८ साली त्याची रेकॉर्ड निघाली ती तीन मिनिटांच्याही आतली. तेच गाणं व्हेनेटाला शेवटच्या सेटमध्ये अर्ध्या तासाच्या वर चाललं. आता कुणी म्हणेल ताणलं असेल, पण तसं नाहीये, कारण गाण्यात ठरलेलं असं फारच थोडं आहे, एक छोटी सुरावट आणि इकडून तिकडे झुलणारे दोन कॉर्ड (एकदम वाजवलेले सूर), बाकी सगळं रान मोकळं. जेरी गार्सिया गिटारवर एक वाक्य टाकतो, बॉब वियर साथीला म्हणून असतो पण साथ करण्याऐवजी मधेच तुकडे फेकतो, कीथ गॉडशॉ पियानोवरून ते उचलतो, आणि फिल लेश बासवर, म्हणजे खालच्या सुरांच्या गिटारवर, खालून वेगळंच काहीतरी विणत असतो. हा लेश मूळचा ट्रम्पेटवाला, कॉलेजात आधुनिक रचनाकारांकडे शिकलेला, बास त्याने १९६५ मध्ये बँडमध्ये आल्यावरच हातात घेतली, त्यामुळे बासवाल्याने पाया धरून गप उभं राहायचं असतं हे त्याने कधी मनावरच घेतलं नाही. चौघंपाचजण एकाच वेळी बोलतायत आणि तरी प्रत्येकजण दुसऱ्याचं ऐकतोय, हे पाठ करून येत नाही हो! आणि एवढ्या अधांतरी जाऊन आल्यावर ते थेट एका काउबॉयच्या जुन्या साध्यासुध्या गाण्यावर उतरले. काहींना तो रसभंग वाटतो, मला ती जागा भारी वाटते.

आता आपल्यासारखं रागाचं व्याकरण तिथे नाही, समेवर येण्याचं बंधन नाही, आणि म्हणूनच कितीतरी वेळा नुसतंच भरकटणं होतं, हेही खरंय. तीस वर्षांत त्यांनी दोन हजारांच्या वर कार्यक्रम केले, त्यातले कित्येक कंटाळवाणे असल्याचं त्यांचेच फॅन सांगतात, आणि ते सांगू शकतात कारण बँडने लोकांना रेकॉर्डिंग करू दिलं, १९८४ पासून तर टेपवाल्यांना वेगळी जागाच दिली. म्हणून फॅन लोक तारखेने बोलतात, अमक्या तारखेचं ऐकलंस का. आपणही अमक्या साली भीमसेनजींनी काय गायलं होतं म्हणून वाद घालतोच की.

आणि हे दोन प्रवाह एकमेकांना अगदीच अनोळखी नाहीत. त्यांचा दुसरा ड्रमर मिकी हार्ट, जो व्हेनेटाच्या वेळी बँडमध्ये नव्हता, त्याने आपल्या माहीमच्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर दिगा ऱ्हिदम बँडची रेकॉर्ड काढली, १९७६ साली, गार्सियानेही वाजवलंय त्यात. पुढे दोघांच्या प्लॅनेट ड्रमला ग्रॅमी मिळालं. झाकीरभाई गेले तेव्हा तुम्हीही ते छापलं असेलच.

माझी विनंती एवढीच, की फेस्टिवलला वार्ताहर पाठवाल तेव्हा त्याला किती हजार आले हे मोजायला लावू नका, ते आयोजक सांगतातच. त्या रात्री काय वाजलं, कुठे जमलं, कुठे फसलं ते लिहायला सांगा. आणि लेखकांना व्हेनेटाचं डार्क स्टार जरूर ऐकवा, फक्त मोबाईलच्या स्पीकरवर नको, त्यात बास ऐकूच येत नाही.

- एक वाचक, कोल्हापूर