बाणावरचा ‘सूर्यप्रकाश’

महोदय,

हळदीचा डाग साबणाला दाद देईना की आई कपडा उन्हात टाकायची. संध्याकाळपर्यंत डाग फिका पडलेला असे. पुढे रसायनशास्त्र शिकवताना अशा अभिक्रियांच्या समीकरणातील बाणावर मी ‘सूर्यप्रकाश’ एवढेच लिहीत आले. बाणाच्या पोटात काय घडते, ते सांगायचे राहूनच गेले, याची आज खंत वाटते.

ते पाहण्याची वाट केंब्रिजच्या नॉरिश आणि पोर्टर या रसायनशास्त्रज्ञांनी १९४९च्या सुमारास खुली केली. प्रकाशाच्या प्रखर झोताने रेणू फोडायचे आणि पाठोपाठ दुसऱ्या झोताने त्यांचा वर्णपट टिपायचा. अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेत अहमद झेवैल यांनी लेसर वापरून हे तंत्र फेम्टोसेकंदांपर्यंत नेले; फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग. त्यांना १९९९चे नोबेल मिळाले. यातली युक्ती मला फार आवडते. दुसरा झोत उशिरा पोचावा म्हणून आरसा सरकवून त्याची वाट लांबवतात. वाट ०.०३ मिलिमीटरने वाढली, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, की १०० फेम्टोसेकंदांचा उशीर! डोळ्यातील रेटिनलचा रेणू प्रकाश पडताच सुमारे २०० फेम्टोसेकंदांत वळतो, हे अशाच प्रयोगांतून कळले.

नोबेलच्या बातम्या बहुधा नावे आणि रकमेवर थांबतात. आपल्या विज्ञान पुरवणीत या दोन झोतांची आणि आरशाची आकृती जरूर छापावी. दहावीतली मुलगीही ती वहीत काढू शकेल.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली