जिग की सॉफ्ट प्लॅस्टिक? आधी पाणी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी डॅलसजवळ राहतो आणि तुमचा पेपर रोज सकाळी चहाबरोबर फोनवर वाचतो. मध्ये तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या मराठी लोकांच्या छंदांवर लेख आला होता, त्यात बास फिशिंगचा, म्हणजे बास नावाचा गोड्या पाण्यातला मासा गळाने पकडण्याचा, उल्लेख बघून फार बरं वाटलं, कारण इकडे टेक्ससमध्ये आपली बरीच पोरं आता सुट्टीच्या दिवशी रॉड घेऊन तळ्यावर दिसायला लागली आहेत. पण त्यात एक वाक्य होतं की मोठा बास पाहिजे तर जिग वापरा आणि सॉफ्ट प्लॅस्टिक हे शिकाऊ लोकांचं काम. हे मला अजिबात पटलेलं नाही. असंच ऐकून नवीन लोक चुकीचं सामान घेतात, दोन-तीनदा रिकाम्या हाताने घरी येतात आणि मग रॉड गॅरेजमध्ये जातो तो परत बाहेर निघत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, जागा असेल तर छापा.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जिग म्हणजे हुकवरच शिशाचं किंवा टंगस्टनचं डोकं बसवलेलं असतं, त्याला सिलिकॉनच्या बारीक पट्ट्यांचा झगा, आणि हुकच्या टोकापुढे ताठ केसांचा एक झुपका, जो झाडाझुडपात हुक अडकू देत नाही. सॉफ्ट प्लॅस्टिक म्हणजे मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ (त्यालाच वर्म म्हणतात), सरडा, क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी, असलं काहीतरी, आणि ते हुकला कसं लावलं, वजन कुठे ठेवलं, यावरून त्या रिगचं नाव पडतं, टेक्सस रिग, कॅरोलायना रिग, वॅकी रिग वगैरे. आता गंमत बघा, जिगच्या मागे शेपटीसारखा जो ट्रेलर लावतात तो सुद्धा सॉफ्ट प्लॅस्टिकचाच असतो, आणि नेड रिग म्हणतात ती म्हणजे मश्रूमसारख्या छोट्या जिगहेडवर लावलेला वर्मचा तुकडा. मग एक मोठ्यांचं आणि एक लहानांचं असली वाटणी कशी काय करायची?

माझ्या मते निवड एकाच गोष्टीवरून करावी, ती म्हणजे आमिष पाण्यात पडताना कसं पडतं आणि तळाला गेल्यावर कशात जाऊन बसतं. बास बहुतेक वेळा आमिष खाली जात असतानाच घेतो. तो झटकन तोंड उघडतो, पाण्याबरोबर आमिष आत ओढतो आणि नको वाटलं की तितक्याच पटकन बाहेर टाकतो. अर्ध्या औंसाची, म्हणजे साधारण १४ ग्रॅमची जिग सरळ खाली जाते, तळाला टक्कन लागते, आणि पंज्यावालं ट्रेलर लावलं तर जरा हळू पडते. वजन न लावलेला पाच इंची वर्म मधोमध हुक घालून टाकला, ज्याला वॅकी म्हणतात, की तो आडवा आडवा खाली जातो, दोन्ही टोकं थरथरत, आणि पाच-सहा फूट पाण्यात तळ गाठायलाच त्याला कितीतरी वेळ लागतो. मासा उथळ पाण्यात असेल, पाणी नितळ असेल, वर बोटींची वर्दळ असेल आणि मासा बिचकलेला असेल, तर तिथे हे सावकाश पडणंच कामाला येतं, तिथे जिग धपकन आपटून काही होत नाही.

आणि ते मोठ्या माशाचं म्हणाल तर नुसते रेकॉर्ड बघा. जॉर्ज पेरीने जॉर्जियात १९३२ साली २२ पौंड ४ औंसाचा, म्हणजे दहा किलोच्या वरचा, बास पकडला तो त्या काळातल्या लूरवर, म्हणजे नकली आमिषावर, सॉफ्ट प्लॅस्टिकचे वर्म तर तेव्हा निघालेच नव्हते. त्याची बरोबरी जपानमध्ये बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी २००९ मध्ये केली ती जिवंत ब्लूगिल माशावर. आमच्या टेक्ससचा रेकॉर्ड १८.१८ पौंडांचा, २४ जानेवारी १९९२, लेक फोर्क, आणि तो पकडणारा माणूस तर बाससाठी बसलाच नव्हता, तो क्रॅपी नावाचे छोटे मासे पकडायला मिनो, म्हणजे बारीक मासा, लावून बसला होता! म्हणजे तिघांपैकी एकानेही ना जिग वापरली ना प्लॅस्टिक. मोठा मासा जिथे असतो तिथे जे आमिष नीट पोचतं ते तो घेतो, त्याला आमिषाच्या प्रतिष्ठेचं काय पडलंय.

जिगला मी कमी लेखत नाही, उलट तिची जागा आली की तिच्यासारखं दुसरं काही नाही. लेक फोर्क इथून पूर्वेला, १९८० मध्ये पाणी अडवलेलं, साधारण २७ हजार एकरांचं, आणि आत उभीच्या उभी बुडालेली झाडं. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी पन्नास फॅरनहाइटच्या, म्हणजे दहा सेल्सियसच्या, आसपास येतं, बास थंड रक्ताचा, त्याला पळायला नको असतं, तो त्या बुंध्यांच्या मुळाशी आणि ओढ्याच्या जुन्या, बुडालेल्या पात्राच्या कडेला गप पडून राहतो, आणि तेव्हा त्याला एकच पण भरपूर घास हवा असतो. तिथे तीन-अष्टमांश किंवा अर्ध्या औंसाची, तपकिरी नाहीतर काळी-निळी जिग बुंध्याला चिकटून खाली सोडायची, तळाला टेकली की काही करायचं नाही, नुसती रॉडच्या टोकाने किंचित हलवायची, क्रॉफिश दगडाखाली सरकतो तशी. बाईट, म्हणजे मासा आमिष घेतो तो क्षण, पण बघा कसा येतो, प्रत्येक वेळी टक्कन नाही येत. कित्येकदा लाईन नुसती ढिली पडते, म्हणजे जिग तळाला जायच्या आधीच थांबली, किंवा पाण्यावर जिथे लाईन शिरते तो बिंदू हळूच एका बाजूला सरकायला लागतो, आणि रॉडला ओला कपडा अडकल्यासारखं जड लागतं. तेवढं कळलं की ढील गोळा करून जोरात हिसका मारायचा, कारण त्या ताठ केसांच्या झुपक्याला दाबून हुक जबड्यात गेला पाहिजे. यासाठी जाड रॉड लागतो, पंधरा-वीस पौंडांची फ्लुरोकार्बन लाईन लागते नाहीतर त्याहून जाड विणलेली लाईन (ब्रेड), जड लाईनसाठीचं बेटकास्टर रीळ लागतं, आणि ते ढिलं पडणं ओळखायला वेळ लागतो. किनाऱ्यावरून पातळ स्पिनिंग रॉडने जड जिग टाकणाऱ्याला यातलं काहीच जाणवत नाही, त्याला फक्त दगड जाणवतात.

जिग घ्यायची तर डोक्याचा आकार मात्र बघून घ्या. गोट्यांच्या, खडकाळ तळावर आडव्या डोक्याची फुटबॉल जिग, ती खडकावरून घरंगळत येते. लाकडात गोलसर डोक्याचं आर्की हेड, आणि गवतातून ओढायची असेल तर टोकदार डोक्याची स्विम जिग. फुटबॉल हेड गवतात टाकलं तर प्रत्येक वेळी पेंडी घेऊनच वर येतं.

आता टेक्सस रिग. नवीन माणसाने पहिल्यांदा हीच शिकावी असं माझं ठाम मत आहे, आणि ती सोपी आहे म्हणून नाही, ती कुठेही जाते म्हणून. लाईनमध्ये बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं वजन सरकतं ठेवायचं, खाली ऑफसेट हुक, म्हणजे मानेजवळ वळण दिलेला हुक. हुकचं टोक वर्मच्या डोक्यात अर्धा इंच आत घालून बाजूने बाहेर काढायचं, हुक वळेपर्यंत वर्म वर सरकवायचा आणि हुक अर्धा फिरवायचा. मग हुक वर्मच्या शेजारी नुसता लटकवून बघायचा की टोक कुठे येतंय, बरोबर तिथेच वर्मला किंचित दुमडून टोक आरपार काढायचं आणि वरच्या कातडीत परत हलकंच लपवायचं. वर्म सरळ सुतासारखा बसला पाहिजे. जरा जरी बाक राहिला तरी तो ओढताना गोल गोल फिरतो, लाईनला पीळ पडतो आणि मासा घेत नाही. नव्वद टक्के लोकांचं इथेच बिनसतं आणि दोष मात्र रंगाला देतात. रंगाचं सांगायचं तर ग्रीन पंपकिन म्हणजे हिरवट तपकिरी, आणि गढूळ पाण्यासाठी ब्लॅक-ब्लू, पहिलं वर्षभर एवढ्यात भागतं.

हुकचं टोक लपलेलं असल्याने ही रिग हायड्रिलाच्या दाट गवतात, पडलेल्या झाडाच्या फांद्यांत, जेटीच्या खांबांमागे बिनधास्त टाकता येते. वजन बदललं की पडणं बदलतं, उथळात तीन-सोळांश औंस, गवत दाट असेल तर तीन-अष्टमांश आणि वजनामागे रबराचा खिळा मारून ते वर्मला घट्ट करायचं. मऊ असल्याने मासा तोंडात जास्त वेळ धरतो असा इथल्या बहुतेकांचा अनुभव आहे, त्यामुळे नवशिक्याला हिसका मारायला तेवढीच सवड मिळते. एप्रिल ते ऑक्टोबर किनाऱ्यावरून फिरणाऱ्या माणसाला एक टेक्सस रिग आणि एक वॅकी एवढं पुरतं. कॅरोलायना रिग लांबलचक उतार आणि टेकाडं चाचपायला चांगली, पण तिला बोट असेल तर मजा. आणि हे प्लॅस्टिकचे वर्म काही कालपरवाचे नाहीत हं, निक क्रीम नावाच्या माणसाने १९४९ मध्ये ओहायोत अॅक्रनला घरी साचे करून ते ओतले आणि पुढे त्यांचा कारखाना आमच्या पूर्व टेक्ससमधल्या टायलरला आला.

इथल्या दुकानात मी नेहमी बघतो, एखादं आपलं कुटुंब येतं, पोरगं नऊ-दहा वर्षांचं, बापाने व्हिडिओ बघितलेले, आणि टोपलीत सगळ्यात जड, सगळ्यात भडक जिगांचं पाकीट. मग शेजारच्या तळ्याच्या दगडी बांधावर त्या एकेक करून अडकतात आणि तुटतात. पोराच्या हातात मासा काही लागत नाही. माझी कळकळीची विनंती आहे, पोराला एक साधा स्पिनिंग रॉड, आठ पौंडांची लाईन, एक पाकीट पाच इंची वर्म आणि दोन प्रकारचे हुक घेऊन द्या. पहिला मासा अर्ध्या किलोचा का असेना, तो लागला की पोरगं स्वतःच विचारायला लागेल की बाबा इथे खोल का आहे, तिथे गवत का आहे.

आता एक गोष्ट जी मला फार लागते. फाटलेले वर्म लोक सरळ पाण्यात टाकतात, आपले लोक पण टाकतात. ते कुजत नाहीत, मासे गिळतात, आणि ते पोटात फुगून तिथेच अडकतात. खिशात एक झिपवाली पिशवी ठेवायला काय जातं? जिगवाल्यांनीही लगेच मान वर करू नये, कारण शिसं त्याहून वाईट. लून नावाचे पाणपक्षी शिशाच्या छोट्या जिग आणि वजनं गिळून मरतात म्हणून मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यांनी एक औंसापर्यंतच्या शिशाच्या वजनांवर आणि जिगांवर बंदी घातली आहे. टंगस्टन महाग पडतं हे खरं, पण तेवढ्याच वजनाला ते आकाराने लहान आणि कडक, त्यामुळे तळ गाळाचा आहे की खड्यांचा हे हाताला नीट कळतं. मासेमारीसाठी सुद्धा तेच चांगलं आहे.

तुमच्या महाराष्ट्रातल्या वाचकांना वाटेल याचा आमच्याशी काय संबंध, तर आहे. कोकणात खाडीवर जिताड्यासाठी जिगहेडवर सॉफ्ट प्लॅस्टिकचे मासे लावून टाकणारी तरुण मंडळी आता बरीच आहेत, आणि मरळीसाठी कमळाच्या तळ्यात रबरी बेडूक वापरतातच. तिथेही प्रश्न हाच, की खांब, मुळं, गवत यांच्यात आमिष न अडकता कसं पोचेल आणि किती सावकाश पडेल. खारफुटीच्या मुळांत उघड्या हुकचं जिगहेड टाकून दर वेळी तोडून घेण्यापेक्षा टेक्सस रिग करून बघा, भरतीचं पाणी ओढत असेल तर वजन थोडं वाढवा. रिग इथून घ्या, पण बास मासा आपल्या धरणांत सोडायची कल्पना कोणाच्या डोक्यात असेल तर कृपा करून काढून टाका. जपानने २००५ पासून त्याला घातक परदेशी प्रजातींच्या यादीत टाकलंय, कारण तो तिथले छोटे मासे खाऊन टाकतो.

इकडे नवीन आलेल्यांसाठी शेवटचं, टेक्ससमध्ये लायसन्सचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असतं, जुलैत काढलंत तर तारीख नीट बघून घ्या. आणि लेक फोर्कला १६ ते २४ इंचांमधला बास ठेवता येत नाही, सोडायलाच लागतो, दिवसाला पाच मासे आणि त्यात २४ इंच किंवा वरचा फक्त एक. मोजपट्टी बरोबर ठेवा, आणि मासा मोजताना आधी हात ओले करा म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही.

आपला,
एक नियमित वाचक,
प्लेनो, टेक्सस